वन बीएचकेतला पोटभाडेकरू

ससा घरी येतो तेव्हा मुठीएवढा असतो. तो येतो आठवडे बाजारातल्या जाळीच्या पिंजऱ्यातून, नाहीतर रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून, आणि बहुतेक वेळा पोराच्या वाढदिवसाचं निमित्त असतं. पहिल्या आठवड्यात त्याला बुटांचं रिकामं खोकं पुरतं. तीन-चार महिन्यांत तो दोन किलोचा होतो, चपलांच्या रॅकचे कोपरे कुरतडून झालेले असतात, आणि मग आणण्याआधी निघायला हवा होता तो प्रश्न घरात निघतो: याला ठेवायचं कुठे? सावेडीतला वन बीएचके असो, केडगावच्या दोन खोल्या असोत की नागापूर एमआयडीसीजवळची भाड्याची खोली, प्रश्न तोच. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. एवढ्या ऐसपैस जिल्ह्यात दोन किलोच्या जनावराला कोपरा मिळत नाही, ही गंमत म्हणायची की काय, ते वाचकांनी ठरवावं.

आधी आकडे पाहू. ब्रिटनमधली ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ ही संस्था सशांच्या जोडीला किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा सांगते, आणि तीही चोवीस तास खुली. म्हणजे ६ चौरस मीटर, साधारण ६५ चौरस फूट. आता आपल्याकडचं माप घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. स्वयंपाकाची जागाही त्यातच आली. ब्रिटिश माप लावलं तर घरकुलाचा जवळजवळ चौथा हिस्सा सशाच्या नावावर करावा लागेल. आजी, दोन मुलं, शिलाई मशीन आणि धान्याची कोठी असलेल्या घरात हे कुणी बोलूनही दाखवणार नाही. दुसऱ्या टोकाला दुकानातला पिंजरा आहे: दीड बाय दोन फूट, तीन चौरस फूट. सशाच्या जागेचा सगळा वाद या तीन आणि पासष्टच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो आहे.

तीन चौरस फूट हे माप आलं कुठून, हे पाहण्यासारखं आहे. भारतात सशावरचं शास्त्रीय काम प्रामुख्याने मांस आणि लोकर या दोन गोष्टींसाठी झालं. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट या जातींवर काम केलं. ससेपालनाच्या पुस्तिकांमधले पिंजरे बाराएक आठवड्यांत दोन किलोचा करून विकायच्या जनावरासाठी आहेत. तिथे कमी हालचाल हा दोष नसतो, कारण कमी हालचाल म्हणजे जास्त वजन. घरातला ससा मात्र आठ-दहा वर्षं जगायचा असतो. खाटकाकडे जाणाऱ्या जनावराच्या मापात घरच्या जनावराला आयुष्यभर बसवायचं, आणि मग तो चिडका झाला, चावरा झाला म्हणून तक्रार करायची, असा हा व्यवहार आहे.

दुसरा घोळ शब्दाचा. मराठीत ‘ससा’ एकच, पण जनावरं दोन. कर्जत, जामखेड, पारनेरच्या माळावर गाडीच्या उजेडात टणकन उडी मारून पळतो तो रानससा. तो बीळ खोदत नाही. गवतात, ढेकळांच्या आडोशाला बसतो, उघड्यावर जगतो, आणि त्याची पिलं जन्मतःच अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे. शेतात सापडलेलं त्याचं पिलू उचलून घरी आणणं हा गुन्हा आहे. घरात पाळतात तो युरोपातला, मूळ स्पेन-पोर्तुगालकडचा ससा. तो जमिनीखाली बिळांचं जाळं करून गोतावळ्यात राहतो, आणि त्याची पिलं उघडी-नागडी, डोळे मिटलेली जन्मतात. दोघांचा संकरही होत नाही. गावाकडचे जाणते लोक ‘ससा काय, अंगणात कुठंही राहील’ असं म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर माळावरचा ससा असतो. ते चूक बोलत नाहीत, फक्त भलत्याच प्राण्याबद्दल बोलतात. पाळीव सशाला उघडं अंगण म्हणजे धास्ती. त्याला अंधारं, गार, पाठीला भिंत लागणारं आणि दोन तोंडं असलेलं भोक हवं असतं.

त्याच्या शरीराकडे पाहिलं की जागेचा हिशेब आपोआप कळतो. तो चालत नाही, उड्या मारतो, आणि तीन उड्यांना सहज पाच-सहा फूट लागतात. कान टवकारून मागच्या पायांवर उभा राहायचं तर दोन-अडीच फूट उंची हवी. त्याच्या तळपायाला मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. म्हणून तारेच्या जाळीवर महिनोन्‌महिने बसवलं की टाचांना जखमा होतात. हाडं वजनाच्या मानाने हलकी आणि मागचे स्नायू जबर. पोराने धसमुसळेपणाने उचललं आणि त्याने हवेत लाथ झाडली, तर त्याचाच कणा मोडू शकतो. आजकालची गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल त्याला वैरीण, कारण पाय फाकतात. आपल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी मात्र त्याच्यासाठीच घडवल्यासारखी आहे, थोडी खरबरीत आणि उन्हाळ्यातही गार. वन बीएचकेत एखादी सतरंजी अंथरली, तरी टाइलची अडचण बरीच दूर होते.

आता मुद्द्याचं. मराठी माणसाच्या छोट्या घराने जागेचा प्रश्न चौरस फुटांत कधीच सोडवलेला नाही, तासांत सोडवला आहे. सकाळी जिथे पोळ्या लाटल्या, दुपारी तिथेच गहू निवडले, संध्याकाळी तिथेच अभ्यास, आणि रात्री तिथेच गाद्या. एका खोलीत चार खोल्या पाळीपाळीने नांदतात. ससा या व्यवस्थेत बसू शकतो, कारण दिवसाचा मोठा भाग तो जागा वापरतच नाही. दुपारभर तो पडून असतो. त्याला मोकळी जमीन लागते ती पहाटे आणि तिन्हीसांजेला. कॅलिफोर्नियात १९८८ साली सुरू झालेल्या ‘हाउस रॅबिट सोसायटी’ने ससा परसातल्या खुराड्यातून घरात आणा, त्याला माणसांच्या फरशीवर वावरू द्या, हा विचार तिकडे रुजवला. आपल्याकडे वेगळं परस उरलेलंच नाही, त्यामुळे ससा आधीच घरात आहे. फक्त फरशी त्याच्या वाट्याला येत नाही.

हे म्हणायला सोपं आहे, पण पहाटे फरशीवर गाद्या असतात आणि तिन्हीसांजेला माणसं. सशाच्या बागडण्याची वेळ आणि टीव्हीवरच्या मालिकेची वेळ एकच. पहाटेच नळाला पाणी येत असेल तर तोच काळ हंडे-बादल्यांचा. तरीही वाट निघते. सशाची वेळ थोडी सरकवता येते. रात्री जेवणं उरकल्यावर, गाद्या घालण्याआधी तास-दीड तास आणि सकाळी मुलं शाळेत गेल्यावर तास-दोन तास ठरावीक मोकळीक मिळाली की महिन्याभरात तो त्या वेळेला कठड्याशी येऊन उभा राहायला लागतो. ब्रिटिश संस्थेचा आग्रह जागा चोवीस तास खुली ठेवण्याचा आहे, आणि तो सशाच्या बाजूने पाहिला तर बरोबरच आहे. माझं मत मधलं आहे: कायमचा तळ निदान चार बाय चार फुटांचा आणि बाकीची फरशी पाळीने. सोळा चौरस फूट म्हणजे एका दिवाणाहून कमी जागा. यापेक्षा कमी देता येत असेल तर ससा आणू नये, एवढं स्पष्ट बोललेलं बरं.

हा तळ पिंजऱ्याचा नको, कठड्याचा हवा. अर्धा इंची वेल्डमेश जाळीचे अडीच-तीन फूट उंचीचे चार-सहा तुकडे बिजागरीने जोडून कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो, आणि पाहुणे आले की ते मिटून भिंतीला टेकवता येतात. दुमजली पिंजरा घेऊन जागा वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. वरचा फळा टेहळणीला ठीक आहे, पण ससा मांजर नव्हे. त्याला जिना नको, जमीन हवी.

पण हा तळ मांडायचा कुठे हे नगरमध्ये जागा ठरवत नाही, ऊन ठरवतं. हा भाग पुस्तकांत सापडत नाही, कारण सशावरची पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली. तिकडची चिंता असते खुराड्यात थंडी शिरण्याची. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गार करणंही त्याला नीट जमत नाही. उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः कानच काय ते. पंधरा-वीस अंशांत तो सुखी असतो, तिशीपुढे त्याचा त्रास सुरू होतो. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की घरातल्या सगळ्या जागांची प्रतवारी बदलते.

सगळ्यांत आधी बाद होते गॅलरी. फ्लॅटमध्ये ससा म्हटलं की दहातले आठ जण गॅलरीकडे बोट दाखवतात, कारण तिथे वास येणार नाही आणि धुवायलाही सोपं. पश्चिमेची, ग्रिल लावलेली, वर पत्रा टाकलेली गॅलरी मे महिन्यात दुपारी तीन वाजता भट्टी असते. हिवाळ्यात सकाळी तीच जागा छान, म्हणजे ती ऋतूपुरती. शिवाय ग्रिलमधून मांजर आत येतं. त्याने स्पर्शही केला नाही, नुसतं समोर बसून राहिलं तरी घाबरून ससा खाणं सोडतो, आणि बारा तास न खाल्लेला ससा हा तातडीने डॉक्टरकडे न्यायचा रुग्ण असतो. त्याचं आतडं थांबतं, आणि त्याला उलटीही होत नाही. गच्चीवरचा पत्र्याचा खोपा याहून वाईट. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तो स्वतःच दुपारी झाडाखाली येऊन बसलेला असतो.

ज्या जागेला आपण कमी लेखतो ती म्हणजे मोरी आणि तिच्यालगतची भिंत. घरातली सगळ्यांत गार फरशी तिथे असते. मोरीतच ठेवावं असं नाही, ओल वाईट. पण मोरीच्या भिंतीला पाठ लावून तळ मांडला तर उन्हाळा निम्मा हलका होतो. दुसरी जागा दिवाणाखाली. सशाच्या दृष्टीने ते आयतं बीळ आहे, आणि खरं तर घरातली सर्वांत मोठी बिनवापराची जमीन तीच. बिनवापराची म्हणजे तशी नाहीच, तिथे ट्रंका, पत्र्याचे डबे आणि लग्नातली भांडी असतात. बॉक्सचा पलंग असेल तर खाली शिरायला वावच नाही. तरी दिवाणाखालचा तीन फुटांचा एक कप्पा मोकळा केला आणि तोंडाशी कठडा जोडला, तर सोळातले सहा चौरस फूट फुकटात मिळतात. स्वयंपाकघर मात्र टाळावं. ओट्याखाली गॅसची नळी असते, आणि सशाला लोंबणारं काहीही कुरतडायचं असतं. त्याचे दात वर्षाला चार-पाच इंच वाढतात, ते झिजले नाहीत तर तोंडात रुततात. गॅसची नळी, चार्जर, कूलरची वायर यांपैकी तो काय निवडेल सांगता येत नाही.

नगरच्या उन्हाळ्याची एक जमेची बाजू आहे, ती म्हणजे हवा कोरडी. कोकणात किंवा मुंबईत जे साधत नाही ते इथे नुसत्या पाण्याने साधतं. कठड्याच्या एका बाजूवर ओलं गोणपाट टाकावं, पण सशाच्या अंगावर नव्हे. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली की तो तिला टेकून झोपतो. आणि सगळ्यांत नामी उपाय कुंभाराकडे आहे. जुना, पाझर मंदावलेला माठ किंवा काठ फुटलेला रांजण घ्यायचा, धार घासून बोथट करायची, आडवा ठेवायचा आणि वरून दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं. अंधारं, गार, गोलाकार बीळ तयार. प्लॅस्टिकच्या विलायती घरकुलाला याची सर नाही. वीज गेल्यावर कूलर बंद पडतो, माठ पडत नाही.

शहराबाहेर, वस्तीवर राहणाऱ्यांपुढे जागेचा प्रश्न नाही असं वाटतं. अंगण आहे, गोठा आहे, निंबाची सावली आहे. पण तिथे राखणीचा प्रश्न जागेहून मोठा. मुंगूस, भटकी कुत्री, साप, आणि अकोले-संगमनेर-राहुरीच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेतीच्या, माणसांनी भरलेल्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक बिबटे निघाले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत पाळीव जनावरांचाच भरणा, त्यातही कुत्र्यांचा जास्त. अशा ठिकाणी अंगणातलं लाकडी खुराडं म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. वस्तीवरही ससा रात्री घरात, कडीकोयंड्याआडच हवा. म्हणजे फिरून जागा तीच, माणसांच्या फरशीवरची.

सशाची जागा म्हणजे फक्त सशाची जागा नसते, हे घरात ससा आल्यावर महिन्याभराने कळतं. त्याचं मुख्य अन्न वाळलेलं गवत. रोज साधारण त्याच्या अंगाएवढा ढीग लागतो, आणि तो कुठे साठवायचा? आपल्या भागात ‘ससा म्हणजे घास’ असं समीकरण आहे. घास म्हणजे लसूणघास. तो वाढत्या पिलांना चालतो, पण मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमने लघवी कालवलेल्या चुन्यासारखी गढूळ होते आणि पुढे खडे होतात. गाजराचंही तसंच, ते गोड आहे, खाऊपुरतं ठीक. त्याला हवी हरळी, मारवेल, पवना यांच्यासारखी साधी, बारीक काडीची गवतं. मारवेलचे सुधारित वाण तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातूनच आलेले आहेत. म्हणजे उत्तम गवत जिल्ह्यातच आहे, फक्त सावेडीच्या फ्लॅटपर्यंत ते पोचत नाही. नात्यात कुणाची शेती असेल तर दिवाळीनंतर बांधावरचं गवत सावलीत वाळवून दोन पोती भरून आणावीत आणि माळ्यावर टाकावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. पावसाळ्यात बुरशीचा वास आला तर ते पोतं फेकून द्यावं, हळहळ वाटली तरी.

वासाचं मात्र उगाच भय असतं. लेंड्या कोरड्या, त्यांना वास जवळजवळ नसतो, आणि तुळशीच्या कुंडीत टाकल्या तर तुळस दाट होते. वास लघवीचा. ससा स्वतःच एक कोपरा ठरवतो. आपण त्याच्याशी न भांडता त्याच कोपऱ्यात प्लॅस्टिकचं घमेलं ठेवायचं, तळाला कागद आणि भाताचं तूस, आणि वर गवत लटकवायचं. त्याला खाता खाताच विधी उरकायची सवय असते. वखारीतला भुसा शक्यतो नको, त्याची धूळ नाकात जाते. घमेलं रोज पालटलं तर शेजाऱ्यांना ससा आहे हेही कळत नाही. घरमालक कुत्र्याला नाही म्हणतात आणि सशाला हो म्हणतात, ते यामुळेच. मुकं जनावर भाडेकरूला सोयीचं. पण मुकेपणाचा तोटा हा की दुखलं-खुपलं तरी ते सांगत नाही, कोपऱ्यात बसून राहतं. आपल्या भागातले जनावरांचे दवाखाने गाई-म्हशी-शेळ्यांच्या गरजेतून उभे राहिले. ससा नीट जाणणारा डॉक्टर जवळ न मिळाल्यास सव्वाशे किलोमीटरवरचं पुणं गाठावं लागतं, आणि त्या प्रवासाला हवेशीर टोपली आधीपासून घरात असावी लागते. जागेच्या हिशेबात तीही धरा.

एकटा ससा झुरतो, म्हणून दोन ठेवावेत, असं सगळे जाणकार सांगतात. छोट्या घरातला माणूस हे ऐकून हात जोडतो. पण वर सांगितलेलं ६५ चौरस फुटांचं माप एकाचं नाही, जोडीचंच आहे. दोघांना दुप्पट जागा लागत नाही, ते एकाच माठाशेजारी लोळतात. जागा खरी संपते ती वेगळ्या वाटेने. ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं सांगून विकलेल्या जोडीतला एक नर निघतो, चौथ्या-पाचव्या महिन्यात दोघं वयात येतात, महिन्याभरात पिलं होतात, आणि बाळंतपण झाल्या झाल्या मादी पुन्हा गाभण राहू शकते. दिवाळीत दोन असलेले होळीपर्यंत पंधरा होतात आणि मग ‘माळावर सोडून देऊ’ ही भाषा सुरू होते. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, बीळ खोदायची सवय नसलेला ससा आपल्या तपकिरी माळावर एक रात्र काढत नाही. ससेहोलपट हा शब्द आपण माणसांसाठी वापरतो, तो इथे अक्षरशः लागू पडतो. नसबंदी किंवा वेगळे कठडे, यापलीकडे तिसरा मार्ग नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? म्हणतो, पण पुटपुटतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, जनावराला हालचालीला पुरेशी लांबी-रुंदी-उंची नसलेल्या पिंजऱ्यात ठेवणं ही क्रूरता असं स्वच्छ लिहिलेलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्यात चांगला पिंजरा सोडा, त्याचं कुलूपही येत नाही. २०१८ च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक केली, पण बाजारात टोपली घेऊन बसलेला विक्रेता स्वतःला दुकान समजत नाही.

तेव्हा उरतो तो घरातल्या घरातला करार. बहुतेक घरांत तो मे महिन्यात आपोआप होतो. उकाड्याने माणसं रात्री गाद्या उचलून गच्चीवर किंवा अंगणात जातात, मागचं दार ओढून घेतलेलं असतं, गॅस बंद, वायरी वर गुंडाळलेल्या. पाणी मारलेली फरशी वाळत आलेली असते. माठातून आधी दोन कान बाहेर येतात, मग बाकीचा ससा, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून पुढच्या दारापर्यंत, मध्ये एकही माणूस नसलेली अख्खी खोली तो तीन-चार उड्यांत पार करतो. मग उलट फिरतो आणि पुन्हा पार करतो.